निशिगंधा गायकरचं हसणं

कल्याणातल्या त्या पोलीस ठाण्यात कुणी नवीन बदलून आलं, की पहिल्या दोन दिवसांत त्याला दोन गोष्टी सांगितल्या जायच्या. मागच्या खोलीतल्या पंख्याच्या बटणाला हात लावायचा नाही, शॉक बसतो. आणि पुढून मोठ्यानं हसण्याचा आवाज आला तर दचकायचं नाही, त्या गायकर मॅडम.

हवालदार निशिगंधा गायकर पोटापासून हसायची. उंच, रुंद खांद्यांची, अडतीस वर्षांची बाई. हसताना टेबलावर थाप मारायची सवय, त्यामुळे स्टेशन डायरीवर चहा सांडायचा आणि सीनियर साहेब आतून ओरडायचे, "गायकर, कमी हसा, सरकारी कागद आहेत!" त्यावर ती आणखी हसायची. लॉकअपमधले नेहमीचे लोकसुद्धा तिला आवाजावरून ओळखायचे.

कल्याण-शीळ रस्त्यालगतच्या आगरी घरातली ती मुलगी. आजोबांनी भात पिकवला, वडिलांनी, काळुराम गायकरांनी, त्याच जमिनीवर तीन माळ्यांची बिल्डिंग बांधली. मुलीनं पोलीस भरतीचा फॉर्म भरला तेव्हा काळुरामांना काही उमजेना. "तुला कं कमी हाय गं पोरी? घर हाय, दार हाय. ऊनात धावाला कशाला जातंस?"

"कमी काय नाय आबा," ती म्हणाली, "जास्त हाय. म्हणून तं धावून धावून कमी करतंय." आणि हसली. काळुरामही हसले, आणि तिथंच परवानगी मिळाली. आपल्या हसण्यापुढे कुणाचं काही चालत नाही, हे निशिगंधाला तेव्हापासून ठाऊक होतं.

नोकरीच्या अकराव्या वर्षी तिच्याकडे निरोपाचं काम आलं.

निरोप हा त्या ठाण्यातलाच शब्द. हद्दीतलं कुणी कुठेतरी मेलं, अपघातात म्हणा, कामावर म्हणा, कुणी स्वतःहून जीव दिला म्हणा, तर घरच्यांना जाऊन सांगायचं. फोनवर सांगता येतं, पण माणसं फोनवर ऐकून कोसळतात, गॅस चालू ठेवून धावत सुटतात. म्हणून कुणीतरी जायचं. घरात बहुतेक वेळा बाईच असते, तेव्हा बाईनं गेलेलं बरं, असं ठरलं. पहिल्यांदा निशिगंधा गेली ती दुसरी कुणी लेडीज हजर नव्हती म्हणून. तिला ते जमलं. एखादं काम जमलं की ते आपलंच होऊन बसतं.

तिची एक रीत होती. घरात शिरल्यावर आधी नाव विचारायचं, माणूस बरोबर आहे ना याची खात्री करायची. मग बसायचं. उभ्यानं सांगायचं नाही. शेजारचं कुणीतरी बोलावून घ्यायचं. आणि एकाच वाक्यात सांगायचं. 'जरा सीरियस आहे', 'तुम्ही चला, मग कळेल' असलं अर्धवट काही नाही. 'तुमचे मिस्टर आज सकाळी गेले.' बस. मग समोरचं माणूस काय करील ते करू द्यायचं. एका बाईनं तिच्या कानाखाली वाजवली होती. एका म्हातारीनं ऐकूनही तिला आग्रहानं जेवायला वाढलं होतं, आणि निशिगंधा जेवली होती.

परत आल्यावर ती ठाण्यात त्याची गोष्ट करून सांगायची. "अहो, ते आजोबा काय म्हणाले माहितीये? म्हणे, भाऊ गेला ते देवाची मर्जी, पण माझा स्टीलचा डबा त्याच्याकडे राहिलाय, तो पंचनाम्यात लिहिलात का?" सगळे हसायचे. ती सर्वांत मोठ्यानं. ती गोष्ट सांगून झाली की तिला आतून मोकळं वाटायचं, हाताला लागलेली राख धुतल्यासारखं.

एकच माणूस हसायचा नाही. सहायक फौजदार शिवराम तांबे. निवृत्तीला दोन वर्षं राहिलेली, अंगानं किरकोळ, बोलणं मोजकं. प्रेताचा पंचनामा करायचा असला की तांबे दादा. कसलंही प्रेत असो, किती दिवसांचं असो, ते शेजारी उकिडवे बसून मोत्यासारख्या अक्षरात लिहायचे. लिहून झालं की पेनाचं टोपण लावायचे आणि पुढच्या कामाला लागायचे. "तांबे म्हणजे दगड," लोक कौतुकानं म्हणायचे. "त्यांना काही होत नाही."

गेल्या वर्षी मार्चमध्ये हद्दीतल्या एका जुन्या बिल्डिंगचा तिसऱ्या मजल्याचा स्लॅब कोसळला. तो दुसऱ्यावर, दुसरा पहिल्यावर. सकाळचे दहा वाजलेले, माणसं कामावर गेलेली, म्हणून चारच जण खाली सापडले. त्यातली एक समृद्धी, नऊ वर्षांची. ताप होता म्हणून शाळेत गेली नव्हती. तिची आई औषध आणायला खाली उतरली होती, ती वाचली.

निशिगंधाला त्या आईजवळ बसवलं. समोरच्या पिठाच्या गिरणीच्या फळीवर दोघी बसल्या. आई रडत नव्हती. ती निशिगंधाच्या खांद्यावरच्या वॉकीटॉकीकडे बघत होती. दर थोड्या वेळानं विचारायची, "मॅडम, विचारा ना त्यांना, आवाज येतोय का?"

दोन वाजता तांबे ढिगाऱ्याकडून आले. वीस पावलांवर थांबले आणि निशिगंधाकडे बघून त्यांनी मान हलवली. मुलगी सापडली होती. गेलेली. पण तिच्यावर तुळई होती, क्रेन आल्याशिवाय काढता येणार नव्हती. वरून सूचना होती की बॉडी बाहेर निघेपर्यंत कुणाला काही बोलायचं नाही, गर्दी आत घुसेल, आणखी चार मरतील. सूचना बरोबरच होती.

आईनं पुन्हा विचारलं, "आवाज येतोय का?"

निशिगंधाच्या तोंडून शब्द निघाला, "येतोय."

तो कसा निघाला ते तिला आजही सांगता येत नाही. 'बघतायत', 'काम चालू आहे' असं काहीही म्हणता आलं असतं. आईचा चेहरा एकदम बदलला. तिनं शेजारणीला हाक मारली, लिंबाचं सरबत करून आणायला सांगितलं. "धुळीनं घसा सुकला असेल तिचा," ती म्हणाली. सरबताची बाटली आली. ती मांडीवर धरून ती बसून राहिली. त्यानंतर आणखी दोनदा तिनं विचारलं आणि दोन्ही वेळा निशिगंधा म्हणाली, "येतोय."

सहा वाजता मुलीला बाहेर काढलं. आईला सांगायचं कामही निशिगंधाचंच होतं. तिनं एका वाक्यात सांगितलं. आईनं निशिगंधाकडे बघितलं आणि विचारलं, "कधी?" त्याला निशिगंधानं उत्तर दिलं नाही.

दुसऱ्या दिवशी तिनं ठाण्यात गोष्ट सांगितली. हेल्मेट उलटं घालून फिरणाऱ्या एका इंजिनीयरची. सगळे हसले. तीही हसली, टेबलावर थाप मारून. पण या वेळी मोकळं वाटलं नाही.

तिचं घर डोंबिवली पूर्वेला, चौथ्या मजल्यावर. नवरा विनीत एका औषध कंपनीत सुपरवायझर, मुलगी कल्पिता सहावीत. एप्रिलमध्ये विनीतच्या लक्षात आलं की निशिगंधा जेवताना ताटाकडे बघत नाही, वर बघते. मग ती झाडूच्या दांड्यानं छत ठोकून बघू लागली. हॉलमध्ये, बेडरूममध्ये, संडासातसुद्धा. एका रविवारी तिनं कल्पिताचं अभ्यासाचं टेबल ओढत नेऊन दरवाज्याच्या तुळईखाली ठेवलं. आता दार अर्धंच उघडायचं.

"अगं, बिल्डिंग आठ वर्षांची आहे," विनीत म्हणाला.

"ती पण कालपर्यंत उभीच होती," निशिगंधा म्हणाली आणि खो खो हसली. कल्पिता मात्र हसली नाही. ती आईकडे बघत राहिली आणि नंतर मुकाट्यानं त्याच टेबलावर जाऊन बसली.

विनीत म्हणाला, रजा टाक. तिला रजा नको होती. घरी बसलं की डोक्यावर छत असतं, असं ती म्हणाली. ठाण्यातही छतच होतं, पण तिथं बोलायला माणसं होती.

मे महिन्यातल्या एका दुपारी ठाणे शहरातून वायरलेस आला. खोपटच्या एसटी आगारात, ड्रायव्हरांच्या विश्रांतीच्या खोलीत, महेंद्र नावाचा एक ड्रायव्हर मृत झाला. हृदयविकाराचा झटका असावा. पत्नी मालन, पत्ता शहाडचा, स्टेशनजवळची चाळ. घरचा फोन लागत नाही.

"गायकर, तांबेंना घेऊन जा," सीनियर साहेब म्हणाले.

चाळीत पोलीस शिरले की दारं उघडतात. निशिगंधा मालनच्या खोलीत गेली तोवर बाहेर पाचसहा बाया जमल्या होत्या. मालन पस्तिशीची, शिलाई मशीनवर साडीला फॉल लावत बसलेली. तिनं घाईनं कपडा बाजूला केला.

"तुमचं नाव मालन? महेंद्र तुमचे मिस्टर?"

"हो. बसा ना. पाणी देऊ? ते येतीलच आता चारपर्यंत. येताना आंबे आणतो म्हणालेत, पोरं कालपासून मागे लागलीत, आंबे आंबे." ती लाजल्यासारखी हसली. "काय काम होतं मॅडम? गाडीचं काही लफडं झालंय का?"

निशिगंधा बसली. शेजारणीला तिनं खुणेनं आत बोलावलं. सगळं रीतसर झालं. मग तिची नजर वर गेली. छताला नवा पांढरा रंग होता आणि त्याखालून ओलीचा एक डाग फुटून आला होता. तिनं नजर खाली आणली, मालनकडे बघितलं, ते वाक्य बोलायला तोंड उघडलं, आणि हसू फुटलं.

तिनं तोंडावर हात दाबला. हसू बोटांतून बाहेर आलं. पोटापासून, खांदे हलवत, तेच हसू, सगळ्या ठाण्याला ओळखीचं. तिला दिसत होतं की मालनच्या चेहऱ्यावरचं ते लाजरं हसू आधी तसंच राहिलं, कारण समोरचं माणूस हसलं की आपणही हसतो, मग ते हळूहळू विरलं. निशिगंधाच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं तरी हसणं थांबेना. श्वास मिळेना.

तांबे पुढे आले. ते मालनसमोर जमिनीवर बसले आणि खालच्या आवाजात म्हणाले, "ताई, महेंद्र आज दुपारी गेले." मालनच्या किंकाळीवर निशिगंधाचं हसणं चढलेलंच होतं. दाराबाहेर एका बाईनं मोबाइल धरला होता.

तेवीस सेकंदांची ती क्लिप संध्याकाळपर्यंत सगळीकडे पोचली. खाली लोकांनी काय काय लिहिलं ते विनीतनं तिला वाचू दिलं नाही, पण तिनं वाचलं. दुसऱ्या दिवशी चॅनेलच्या गाड्या शहाडला गेल्या. तिसऱ्या दिवशी निशिगंधाला निरोपच नाही, लोकांसमोरच्या सगळ्या कामावरून काढून मुद्देमालाच्या खोलीत बसवलं. जप्त केलेल्या वस्तू, त्यांना चिकटवलेल्या चिठ्ठ्या, आणि ती. तिथून हसण्याचा आवाज आला नाही. आला असता तरी कुणाला आवडला नसता.

काळुराम डोंबिवलीला आले. सोफ्यावर बसले, बराच वेळ टोपी हातात फिरवत राहिले. गावात लोक तोंडावर काही बोलत नव्हते, एवढंच त्यांनी सांगितलं. मग म्हणाले, "पोरी, खरा सांग. तू कशाला हसलीस?"

"माहीत नाय आबा."

"माहीत नाय कसा? हसनारा तोंड तुझाच ना?"

"तोंड माझाच. पन मी नव्हतं हसत."

काळुरामांना ते समजलं नाही, आणि समजलं नाही हे त्यांनी लपवलंही नाही. "सोर ती नोकरी," एवढं म्हणून ते उठले. जाताना नातीच्या डोक्यावरून हात फिरवताना त्यांचं लक्ष त्या अर्धवट उघडणाऱ्या दाराकडे गेलं, आणि ते टेबल तिथं का आहे असं त्यांनी विचारलं.

चौकशी सहायक आयुक्तांपुढे होती. निशिगंधाचा जबाब अर्ध्या पानाचा झाला. का हसलात? माहीत नाही. पूर्वी कधी असं झालं होतं? नाही. मृताबद्दल, त्याच्या घरच्यांबद्दल मनात काही राग, तिरस्कार? नाही. साहेबांनी चष्मा काढून तिच्याकडे बघितलं. "मॅडम, मी काहीतरी लिहायला तर पाहिजे ना?"

त्यानंतरच्या रविवारी दाराची बेल वाजली. बाहेर एक पन्नाशीची बाई, पांढरी साडी, हातात कापडी पिशवी. "मी रमाबाई. तांबेंच्या घरून."

निशिगंधानं तिला आत घेतलं. तांबेंच्या घरचं कुणी तिनं इतक्या वर्षांत पाहिलं नव्हतं. रमाबाईंनी पिशवीतून चकल्यांचा डबा काढून टेबलावर ठेवला आणि सरळ मुद्द्यावर आल्या.

"त्यांनी पाठवलेलं नाही. त्यांना माहीतही नाही मी आलेय ते. ती क्लिप मी पाहिली. आमच्या सोसायटीतल्या बायका शिव्या देत होत्या तुम्हाला. मी म्हटलं, निदान ही हसली तरी."

"म्हणजे?"

"आमच्या घरी आवाजच नसतो हो." रमाबाई खाली बघत बोलत होत्या. "जेवण झालं? झालं. उद्या लवकर? हो. एवढंच. बारा वर्षं झाली. आधी नव्हते ते असे, बुद्धजयंतीला गाणी म्हणायचे, पेटी वाजवायचे. आता जेवायला बसले की आधी हात धुतात, मग परत धुतात, मग ताट बाजूला सारतात. मटण तर घरात शिजवायचंच नाही. लोक म्हणतात, तांबे दगड आहेत. दगडाबरोबर संसार केलाय मी, मला विचारा." त्यांनी पिशवीतून एक कागद काढला. "तुम्ही कुणाला तरी दाखवा स्वतःला. ठाणे शहरात मनाचे डॉक्टर आहेत, पोलिसांसाठी बसतात. मी नंबर आणलाय. त्यांच्यासाठी घेतला होता, ते गेले नाहीत."

तांबेंचा जबाब त्याच आठवड्यात झाला. घटना त्यांनी जशी घडली तशी लिहिली, निशिगंधाला सोयीचं एक अक्षर बदललं नाही. पण शेवटी, कुणी न विचारता, त्यांनी एक परिच्छेद जोडला. गेल्या चार वर्षांची स्टेशन डायरी पाहता हवालदार गायकर यांना एकसष्ट वेळा मृत्यूची बातमी देण्यासाठी पाठवण्यात आले आहे. त्यांपैकी सतरा मृत बालके होती. यापैकी कोणत्याही कर्तव्यानंतर त्यांना विश्रांती दिल्याची वा विचारपूस केल्याची नोंद नाही. सोबत तारखांची यादी जोडली आहे.

"हे कुणी लिहायला सांगितलं?" साहेबांनी विचारलं.

"कुणी नाही साहेब. डायरीत आहे."

"तुम्ही स्वतः किती पंचनामे केलेत, तेही काढलंत का?"

तांबेंनी जोडलेली यादी सरळ केली. मग म्हणाले, "नाही साहेब. ते नाही काढलं."

निशिगंधाला सक्त ताकीद मिळाली आणि समुपदेशनाची शिफारस झाली. नोकरी वाचली. तांबेंच्या त्या पानामुळे वाचली, असं सगळे म्हणाले. तिनं त्यांना तसं विचारलं, तर ते म्हणाले, "जे होतं ते लिहिलं," आणि पेनाचं टोपण लावून निघून गेले.

ठाणे शहरातल्या त्या डॉक्टरांचं नाव मेघना. निशिगंधापेक्षा वयानं लहान. पहिल्या दोन बुधवारी निशिगंधानं तिला पोट धरून हसवलं. डब्यावाले आजोबा, कानाखाली वाजवणारी बाई, उलट्या हेल्मेटचा इंजिनीयर. तिसऱ्या बुधवारी मेघना हसली नाही. निशिगंधाची गोष्ट संपली, थाप मारायला उचललेला हात तसाच राहिला.

"हसली नाहीत तुम्ही," निशिगंधा म्हणाली.

"आज नाही आलं हसू," मेघना म्हणाली. "त्या दिवशी गिरणीवर तुम्ही किती वेळ बसला होतात?"

त्या दिवशी ती प्रथमच 'येतोय' बद्दल बोलली. तिन्ही वेळांबद्दल. सरबताबद्दल. बोलताना हसू आलं नाही, रडूही नाही, दात मात्र वाजत होते, भर जूनच्या उकाड्यात.

ऑगस्टमध्ये ती शहाडला गेली. वर्दी न घालता, कुणाला न सांगता. मालन मशीनवरच होती. तिनं ओळखलं, पण पाय चालूच ठेवले.

"आता कशाला?"

"माफी मागायला आले."

"मागा."

निशिगंधानं माफी मागितली. घरून निघताना बरंच काही ठरवलं होतं, त्यातली दोनच वाक्यं बोलता आली. मालननं दोरा तोडला.

"झालं? मग मी सांगते. तुम्ही गेल्यावर सगळं तुमचंच झालं. टीव्हीवाले आले, विचारतायत, मॅडम हसली तेव्हा तुम्हाला कसं वाटलं? नातेवाईक तुमच्यावरच बोलतायत. दहाव्यालासुद्धा तुमचाच विषय. माझा माणूस मेला हो! त्याचं कुणी विचारलंच नाही. मला आजपर्यंत कुणी सांगितलं नाही तो कसा गेला ते. कागदावर एक शब्द लिहून दिलाय. जेवला होता का? एकटा होता का? माझं नाव घेतलं का?" तिनं निशिगंधाकडे सरळ बघितलं. "काय झालेलं?"

"मला माहीत नाही," निशिगंधा म्हणाली.

"मग तुम्ही काय सांगायला आलेलात त्या दिवशी?"

या प्रश्नावर निशिगंधा उठली. पायऱ्या उतरताना तिला कळलं, एकसष्ट घरांत आपण ते एक वाक्य नेलं, आणि त्याच्या पुढचं कधी नेलंच नाही.

दुसऱ्या दिवशी ती खोपटच्या आगारात गेली. तीन फेऱ्या माराव्या लागल्या तेव्हा चांगदेव भेटला. महेंद्रच्या जोडीचा ड्रायव्हर. पोलीस म्हटल्यावर तो आधी घाबरला, मग क्लिपवाली बाई म्हणून ओळखल्यावर चिडला, आणि ती कशासाठी आली हे कळल्यावर बाकावर मट्‌कन बसला.

"मीच होतो मॅडम त्याच्याबरोबर. वहिनींकडे जायला पाहिजे होतं. पण कुठल्या तोंडानं जाऊ? छातीत जळजळतंय म्हणाला. मी म्हटलं, अॅसिडिटी, थांब गोळी आणतो. नाक्यावर गेलो, मेडिकलला गर्दी. दहा मिनिटं. परत येतो तर..." त्यानं हातानं तोंड पुसलं. "गोळी आणायला न जाता हॉस्पिटलला नेला असता तर?"

"हे त्यांना तुम्हीच सांगा," निशिगंधा म्हणाली. "मी येते बरोबर."

पुढच्या आठवड्यात दोघं शहाडला गेले. मालननं मशीन बंद केलं. चांगदेवनं सगळं सांगितलं, आडपडदा न ठेवता. महेंद्र जेवला होता. भाकरी आणि गवारीची भाजी. अर्धी भाकरी चांगदेवला दिली. सुट्टीच्या दिवशी पोरांना किल्ला दाखवायचा बेत बोलत होता. चांगदेवसमोर नाव कुणाचं घेतलं नाही, तो परतला तेव्हा भिंतीला टेकून बसलेला होता, डोळे मिटलेले, झोपल्यासारखा. एक बूट काढलेला, एक पायातच. गोळीचं चांगदेवनं सांगितलं तेव्हा त्याचा आवाज फुटला. मालननं मशीनवरचा कपडा घडी करून बाजूला ठेवला. मग तिनं विचारलं, "गवारीत मीठ कमी होतं का?"

"नव्हतं वहिनी."

तेव्हा ती रडली. निशिगंधा कोपऱ्यात बसून होती. तिच्या पोटात काहीतरी हललं, ती घाबरली, तिनं दोन्ही हातांनी साडीचा पदर घट्ट धरला. पण ते हसू नव्हतं.

निघताना मालन दारापर्यंत आली. "चांगदेव भावजी, येत जा," ती म्हणाली. मग निशिगंधाकडे वळली. "तुम्ही नका येऊ. आणलंत त्यांना, ते बरं केलंत. पण तुम्हाला बघितलं की मला तोच आवाज ऐकू येतो."

"नाही येणार," निशिगंधा म्हणाली, आणि ती परत कधी गेली नाही.

समृद्धीची आई आता भावाकडे राहते, डोंबिवलीतच, निशिगंधाच्या घरापासून रिक्षानं दहा मिनिटांवर. तिच्याकडे निशिगंधा गेलेली नाही. मेघनानं एकदा विचारलं, "जावंसं वाटतं?"

"जाऊन काय सांगू? मी खोटं बोलले ते सांगितलं तर मला हलकं वाटेल. पण त्या चार तासांत तिला जे वाटलं, तेही मी काढून घेईन. नाही सांगितलं तर ती म्हणत राहील, दोन वाजता जिवंत होती, पोलिसांनी उशीर केला." तिनं मेघनाकडे बघितलं. "तुम्ही सांगा ना काय करू."

मेघनाला ते सांगता आलं नाही. तसं ती बोलली, आणि निशिगंधाला तिचा त्यासाठी राग आला नाही.

दिवाळीनंतरच्या एका बुधवारी निशिगंधा मेघनाच्या दवाखान्यात पोचली तर बाहेरच्या बाकावर रमाबाई बसल्या होत्या. शेजारी तांबे दादा, हातातली पावती दुमडत आणि उलगडत. निशिगंधाला बघताच ते उठले.

"मी असाच आलेलो. हिला सोडायला. निघतो आता."

रमाबाईंनी निशिगंधाकडे बघितलं. निशिगंधाला एरवी अशा वेळी एखादा विनोद सुचला असता. तिनं बाकावर जागा करून दिली.

"बसा दादा. माझा नंबर आहे आता. तुम्ही जा माझ्या जागी. मी थांबते."

"मला काय बोलायचंय आत? मला काही होत नाही."

"तेच बोला," ती म्हणाली.

ते उभेच राहिले. आतून नाव पुकारलं गेलं, "गायकर," आणि निशिगंधा उठली नाही. पुन्हा पुकारलं. तेव्हा तांबेंनी पावती खिशात घातली, शर्ट नीट केला आणि ते आत गेले.

दोघी बाहेर बसून राहिल्या. आतून काही ऐकू येत नव्हतं. रमाबाईंनी दोनदा घड्याळ बघितलं. पाऊण तासानं दार उघडलं. तांबे बाहेर आले, डोळे लाल, कॉलर ओली, आणि दोघींपैकी कुणाकडेच न बघता म्हणाले, "पुढच्या बुधवारी परत बोलावलंय."

"जाऊ," रमाबाई म्हणाल्या.